ग्लुकोजचा डबा आणि ओआरएसचे पाकीट

मे महिना लागला आणि नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास फिरू लागला की आमच्या औषधाच्या दुकानात दोन वस्तूंची मागणी एकदम वाढते. एक म्हणजे ग्लुकोजची पावडर आणि दुसरी म्हणजे ओआरएस. गिऱ्हाइकांच्या दृष्टीने या दोन्ही वस्तू एकच असतात. "भाऊ, ग्लुकोजचा डबा द्या, पोट्ट्याले सकाळपासून जुलाब सुरू हायेत," असे कुणी म्हटले की मी डबा बाजूला ठेवून ओआरएसचे पाकीट पुढे करतो, आणि मग "तेच तर हाय ना त्यात बी?" हा प्रश्न ठरलेला असतो. दुकानात गर्दी असताना या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या मिनिटात द्यावे लागते आणि ते कधीच समाधानकारक होत नाही, कारण खरे उत्तर द्यायचे तर साखर आतड्यातून रक्तात नेमकी कशी जाते, तिथपासून सुरुवात करावी लागते. औषधनिर्माणशास्त्र शिकताना शरीरक्रियाशास्त्राच्या ज्या भागाने मला सर्वाधिक चकित केले तो हाच होता, म्हणून आज तो सविस्तर लिहितो.

आपण खातो त्यातील फारच थोडी साखर थेट शोषली जाण्याच्या रूपात असते. सकाळी खाल्लेल्या तर्री पोह्यांतील पोहे म्हणजे बहुतांशी स्टार्च, म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो रेणूंच्या लांब साखळ्या. लाळेतील अमायलेज हे विकर (एन्झाइम) त्या साखळ्या तोडायला तोंडातच सुरुवात करते, जठरातील आम्लात त्याचे काम मंदावते आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडातून येणारे अमायलेज ते काम झपाट्याने पुढे नेते. मात्र अमायलेज साखळीचे सुटे ग्लुकोज करून देत नाही. ते दोन किंवा तीन ग्लुकोजचे तुकडे आणि साखळीला जिथे फांद्या फुटलेल्या असतात तिथले काही आडमुठे तुकडे मागे ठेवते. चहातील साखर म्हणजे सुक्रोज, आणि ते ग्लुकोज व फ्रुक्टोज यांच्या जोडीचे बनलेले असते. दुधातील लॅक्टोज ही ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी असते. या जोड्या आणि हे तुकडे जसेच्या तसे रक्तात जाऊ शकत नाहीत. आतड्याची भिंत फक्त सुट्या शर्करा आत घेते, आणि आपल्या आहाराच्या बाबतीत त्या तीनच आहेत : ग्लुकोज, गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज.

शेवटची तोड होते ती आतड्याच्या भिंतीवरच. जिवंत माणसाचे लहान आतडे साधारण तीन ते पाच मीटर लांब असते. जुन्या पुस्तकांत दिलेली सहा-सात मीटरची लांबी मृत्यूनंतर स्नायू सैल पडल्यावर मोजलेली आहे. आतून पाहिले तर त्याला आडव्या घड्या असतात, घड्यांवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे, बोटांसारखे रसांकुर दाटीने उभे असतात, आणि रसांकुरावरील प्रत्येक पेशीच्या माथ्यावर सुमारे एक मायक्रोमीटर उंचीचे हजारो सूक्ष्मांकुर असतात. या सगळ्यामुळे पृष्ठभाग किती वाढतो हे सांगताना आमच्या वेळच्या पुस्तकांत टेनिस कोर्टाचे उदाहरण हमखास असे. 2014 साली स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजमाप केले तेव्हा ते क्षेत्रफळ सुमारे 30 चौरस मीटर, म्हणजे जेमतेम सव्वातीनशे चौरस फूट निघाले. टेनिस कोर्ट गेले याचे मला थोडे वाईट वाटले, पण एवढ्याशा नळीच्या मानाने सव्वातीनशे फूटही कमी नाहीत.

त्या सूक्ष्मांकुरांच्या आवरणात काही विकरे कायमची रोवलेली असतात. त्यांचे एक टोक आवरणात घट्ट असते आणि काम करणारा भाग अन्नरसात बाहेर आलेला असतो. सुक्रेज-आयसोमाल्टेज हे जोडविकर साखरेचे दोन भाग करते आणि स्टार्चच्या फांद्याही सोडवते, माल्टेज-ग्लुकोअमायलेज उरलेल्या तुकड्यांचे ग्लुकोज करते, लॅक्टेज दुधातील साखर तोडते, आणि ट्रेहॅलेज नावाचे एक विकर तर प्रामुख्याने अळिंबीसारख्या पदार्थांतील ट्रेहॅलोज या साखरेसाठीच आहे. तोडणी शोषणाच्या दाराशीच होत असल्यामुळे सुटी झालेली शर्करा लगेच शेजारच्या वाहक प्रथिनाच्या हाती लागते आणि अन्नरसात साखरेचे सुटे रेणू फारसे साचत नाहीत. ही साधी वाटणारी व्यवस्था महत्त्वाची आहे, कारण सुट्या रेणूंची संख्या वाढली की ते पाणी आपल्याकडे ओढतात, आणि आतड्याच्या पोकळीत पाणी ओढले जाणे म्हणजेच जुलाब.

आता मुख्य प्रश्न असा, की भिंतीला टेकलेले ग्लुकोज आत जाते कसे? ते आपोआप झिरपत असावे, असा समज सहज होतो. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने 1925 साली उंदरांवरील प्रयोगांतून या समजाला चांगलाच धक्का दिला. त्यांनी वेगवेगळ्या शर्करांच्या शोषणाचा वेग मोजला आणि ग्लुकोजचा वेग 100 धरला तर गॅलॅक्टोजचा 110, फ्रुक्टोजचा 43, मॅनोजचा 19, झायलोजचा 15 आणि ॲरॅबिनोजचा 9 असा हिशेब निघाला. यातील झायलोज आणि ॲरॅबिनोज या पाच कार्बनच्या शर्करा आहेत, म्हणजे ग्लुकोजपेक्षा आकाराने लहान. नुसत्या झिरपण्याचा मामला असता तर लहान रेणू आधी गेले असते. प्रत्यक्षात मोठे रेणू पुढे गेले आणि लहान मागे राहिले, याचा अर्थ भिंत शर्करांना ओळखते आणि त्यांच्यात निवड करते. शिवाय आतड्याच्या पोकळीत ग्लुकोज अगदी थोडे उरलेले असतानाही ते रक्ताकडे, म्हणजे कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे, जात राहते. चढावर जायला कुठून तरी जोर लागतो. तो जोर कुठला, हे कळायला आणखी 35 वर्षे गेली.

ऑगस्ट 1960 मध्ये प्राग येथे भरलेल्या एका परिसंवादात रॉबर्ट क्रेन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने पहिल्यांदा असे मांडले, की ग्लुकोजला पेशीत ओढून नेणारी शक्ती सोडियमची आहे. सोडियम म्हणजे आपल्या रोजच्या मिठातला सोडियम. आतड्याच्या पोकळीकडे तोंड करून असलेल्या वाहक प्रथिनाला सोडियमचे दोन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आणि ग्लुकोजचा एक रेणू चिकटतो, मग प्रथिन आपला आकार बदलते, बाहेरचे तोंड मिटते आणि आतले उघडते, आणि तिघेही पेशीत उतरतात. 1987 साली अर्नेस्ट राइट यांच्या गटाने सशाच्या आतड्यातून या प्रथिनाचा जनुक वेगळा केला आणि क्रेन यांच्या कल्पनेतील वाहकाला एसजीएलटी-1 हे नाव मिळाले. हा वाहक ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोघांनाच घेतो; फ्रुक्टोजला तो हातही लावत नाही.

सोडियम आत जायला इतका उत्सुक का असतो, हे समजले की उरलेले कोडे सुटते. पेशीची जी बाजू रक्ताकडे असते तिथे सोडियम-पोटॅशियम पंप नावाचे प्रथिन अहोरात्र चालू असते. एटीपी म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन; त्याचा एक रेणू खर्च करून हा पंप सोडियमचे तीन आयन बाहेर फेकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. त्यामुळे पेशीतील सोडियम बाहेरच्या मानाने सुमारे दहापट कमी राहतो, पेशीचा अंतर्भाग किंचित ऋणभारित राहतो, आणि बाहेरच्या धनभारित सोडियमला आत शिरण्याची दुहेरी ओढ लागते. पेंचच्या तोतलाडोह धरणात अडवलेले पाणी खाली येता येता जनित्र फिरवून जाते, तसा हा सोडियम उतारावरून आत येता येता ग्लुकोजला सोबत खेचून नेतो. पंप स्वतः ग्लुकोजला कधीच भेटत नाही. तो पेशीच्या दुसऱ्याच बाजूला बसून फक्त उतार टिकवतो. हा पंप 1957 साली खेकड्याच्या चेतातंतूंत शोधून काढणाऱ्या येन्स स्काउ या डॅनिश शास्त्रज्ञाला त्यासाठी 1997 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हिशेब करण्याची सवय असल्यामुळे मी एकदा या व्यवहाराचाही हिशेब मांडून पाहिला. एका ग्लुकोजसोबत सोडियमचे दोन आयन आत येतात आणि ते बाहेर काढायला पंपाला एका एटीपीत तीन आयन परवडतात. म्हणजे तीन ग्लुकोज आत घेण्यासाठी दोन एटीपी लागतात. ग्लुकोजच्या एका रेणूचे पूर्ण ज्वलन झाले तर सुमारे 30 एटीपी मिळतात, तेव्हा तिघांचे मिळून 90. नव्वदाच्या मालावर दोन रुपये हमाली, असा हा सौदा आहे. त्यातही गंमत अशी, की आतड्याची पेशी स्वतःच्या गरजेसाठी बरेचसे इंधन ग्लुटामाइनच्या रूपात वापरते आणि आत घेतलेले बहुतेक ग्लुकोज पुढे रवाना करते.

ही रवानगी पेशीच्या रक्ताकडील बाजूने ग्लूट-2 नावाच्या दुसऱ्या वाहकातून होते. तिथे सोडियमची गरज नसते, कारण पेशीत ग्लुकोज साचलेले असते आणि बाहेरची वाट उताराची असते. तिथून ते रसांकुरातील केशवाहिन्यांत, मग पोर्टल शिरेत आणि थेट यकृतात पोहोचते. निरोगी आतड्याची ग्लुकोज शोषण्याची कमाल क्षमता तासाला सुमारे 120 ग्रॅम असते, आणि जठर अन्न हळूहळू पुढे सोडत असल्यामुळे सहसा ती पणाला लागत नाही. बहुतेक शोषण आतड्याच्या वरच्या भागातच उरकते. या संपूर्ण प्रवासात इन्शुलिनचा कुठेही संबंध येत नाही, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. इन्शुलिनची गरज पुढे, स्नायू आणि मेदपेशींच्या दाराशी लागते.

एसजीएलटी-1 ला पर्यायच नाही याचा पुरावा एका दुर्मीळ जन्मजात विकाराने दिला आहे. 1962 साली स्वीडन आणि फ्रान्समध्ये अशी बाळे नोंदली गेली, की ज्यांना आईचे दूध सुरू होताच पाण्यासारखे भयंकर जुलाब होत. त्यांचे लॅक्टेज ठीक असे, लॅक्टोजचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज व्यवस्थित होई, पण त्या दोघांनाही आत नेणारा वाहक निकामी असल्यामुळे ती साखर आतड्यातच राहून पाणी ओढत बसे. दूध बंद करून साखरपाणी दिले तरी तेच, आणि आज अशा बाळाला ओआरएस दिले तरी तेच होईल. अशा बाळांना वाचवते ते फ्रुक्टोजवर आधारलेले दूध, कारण फ्रुक्टोजचा दरवाजा वेगळा आहे.

त्या दरवाजाचे नाव ग्लूट-5. त्याला सोडियम लागत नाही आणि ऊर्जाही लागत नाही, पण म्हणूनच तो फ्रुक्टोजला चढावर नेऊ शकत नाही. पोकळीत जास्त आणि पेशीत कमी, एवढ्या उतारावरच त्याचे काम चालते आणि त्याची क्षमता माणसागणिक बरीच बदलते. एका वेळी 25 ग्रॅमच्या पुढे निव्वळ फ्रुक्टोज पोटात गेले तर अनेकांचे पोट फुगते, कारण न शोषलेले फ्रुक्टोज मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तिथले जीवाणू त्यापासून वायू तयार करतात. विशेष असे, की फ्रुक्टोजसोबत ग्लुकोज असेल तर फ्रुक्टोज बरेच चांगले शोषले जाते. आपल्या संत्र्याचे मला त्यामुळे कौतुक वाटते. संत्र्याच्या गोडव्यात मोठा वाटा सुक्रोजचा असतो आणि उरलेल्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज जवळपास समसमान असतात; सुक्रोज तुटले तरी त्यातून दोन्ही सारख्याच संख्येने बाहेर पडतात. सफरचंदात मात्र फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा खूपच जास्त असते, आणि सफरचंदाच्या रसाने लहान मुलांची पोटे बिघडतात त्यामागे हे एक कारण आहे. कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की दोन-तीन संत्री एका बैठकीत संपवणारा माणूस सहसा पोट धरून बसत नाही, हा माझा अनुभव शास्त्राशी जुळतो, एवढेच म्हणतो. 'शुगर फ्री' खोकल्याच्या औषधांतील सॉर्बिटॉल ही शर्करेची जवळची नातलग वस्तू तर याहून हळू आणि अर्धवट शोषली जाते. तेव्हा असे औषध मोठ्या मात्रेत घेऊन पोट ढिले झाले तर औषधाला जंतू लागले असावेत असा संशय घेण्याचे कारण नाही.

सोडियम आणि ग्लुकोज यांच्या या जोडीचा सर्वांत मोठा उपयोग पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, रोग्यांना झाला. रोज सुमारे नऊ लिटर पाणी आपल्या आतड्यात उतरते. त्यातील दोनेक लिटर आपण पितो आणि बाकीचे लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव यांतून येते. त्यातील बहुतेक सगळे लहान आतडे परत घेते, आणि परत घेण्याची रीत हीच असते, की सोडियम आणि शर्करा आत जातात आणि परासरणाने पाणी त्यांच्यामागे जाते. पटकीच्या जंतूचे विष आतड्याच्या पेशींना क्लोराइडचे आयन पोकळीत ओतायला लावते, सोडियम आणि पाणी त्यांच्यामागे जातात, आणि तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. हे काम जंतूच्या विषाचे आहे, हे 1959 साली कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले. पण हे विष रसांकुरांची मोडतोड करत नाही आणि एसजीएलटी-1 ला बाधाही पोहोचवत नाही. म्हणजे गळतीची तोटी उघडी असतानाही भरण्याची ही एक वाट शाबूत असते. रोग्याला नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पाजून भागत नाही, पण त्यात ग्लुकोज मिसळले की सोडियम आत जातो आणि पाणी त्याच्यासोबत जाते.

1971 साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी सीमेवरील, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापुढे रोगी अफाट होते आणि शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते. त्यांनी लिटरभर पाण्यात 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत तयार करून ठेवले आणि नातेवाइकांनाच ते रोग्यांना पाजायला सांगितले. आधी सुमारे 30 टक्के असलेले मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत 3.6 टक्क्यांवर आले. ढाक्यात त्याआधी तीन वर्षे, 1968 साली, रुग्णालयातील रोग्यांवर या उपचाराची परीक्षा झालेली होती. पण चिखलातल्या छावणीत, शिकाऊ हातांनी तो यशस्वी होतो हे बनगावने दाखवले. डॉ. महालनबीस 2022 साली वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. हा सन्मान ते हयात असताना व्हायला हवा होता, असे मला राहून राहून वाटते.

आता पाकिटाकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या ओआरएसच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत चार ओळी असतात : सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम, सोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम आणि निर्जल डेक्स्ट्रोज 13.5 ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी. डेक्स्ट्रोज म्हणजेच ग्लुकोज. हे ग्रॅम रेणूंच्या हिशेबात मांडले तर लिटरमागे सोडियम 75 मिलिमोल आणि ग्लुकोजही 75 मिलिमोल भरते. वाहकाला एका ग्लुकोजमागे दोन सोडियम लागतात आणि पाकिटात मात्र एकास एक, हे कसे, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारू शकेल. त्याचे उत्तर असे, की आतड्याच्या स्रावांतून सोडियम सतत पोकळीत येतच असतो. कमी पडण्याची भीती असते ती ग्लुकोजची.

1975 च्या जुन्या सूत्रात ग्लुकोज 20 ग्रॅम होते आणि द्रावणाची तीव्रता 311 मिलिऑस्मोल होती, म्हणजे रक्तापेक्षा किंचित जास्त. असे द्रावण शोषले जाण्यापूर्वी थोडा वेळ उलटे पाणी ओढू शकते. 2002 साली ती तीव्रता 245 वर आणली गेली, आणि त्यामुळे मुलांमधील जुलाबांचे प्रमाण, उलट्या आणि सलाइन लावण्याची वेळ येणे, या तिन्ही गोष्टी कमी झाल्या. साखर कमी केल्यावर द्रावण अधिक गुणकारी झाले, हे दुकानात सांगितले की लोकांचा विश्वास बसत नाही. "जरा जास्त गोड करून दिलं तर ताकद येईन ना" म्हणून लिटरचे पाकीट दोन पेले पाण्यात ढवळणारी घरे मी पाहिली आहेत, आणि तसे केले की ग्लुकोज व मीठ दोन्ही दुपटीहून तीव्र होऊन जुलाब वाढतात आणि रक्तातील सोडियमही धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. बाजारात 200 मिलिलिटरची छोटी पाकिटेही मिळत असल्यामुळे हा घोळ अधिक होतो. म्हणून पाकीट देताना मी पेनने त्यावर पाण्याचे माप लिहून देतो.

ग्लुकोजच्या डब्याचा दोष आता स्पष्ट व्हावा. त्यात ग्लुकोज भरपूर असते, सोडियम जवळजवळ नसतो, आणि पेल्यात किती चमचे घालायचे याला घरात काही धरबंध नसतो. थंड पेयांत 100 मिलिलिटरमागे दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि उसाच्या रसात त्याहून अधिक. धडधाकट माणसाने उन्हातून आल्यावर रसवंतीवर एक पेला घेतला तर बिघडत काही नाही, पण जुलाब होत असताना तोच पेला आतड्यात पाणी ओढून आणील. ओआरएससारखे नाव धारण करणारी, फळांच्या चवीची, तयार गोड पेये हा याच जातीचा प्रकार. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव छापण्यास मनाई केली, ते फार आधी व्हायला हवे होते.

पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण मान्यताप्राप्त आहे. इथे चमचा म्हणजे चहाचा, पाच मिलिलिटरचा. घरची साखर सुक्रोज असल्यामुळे सुक्रेजने ती तोडावी लागते आणि तिचा अर्धा भाग, म्हणजे ग्लुकोज, तेवढा सोडियमच्या कामी येतो. तरीही वेळ निभावते. याहून मला आवडणारी गोष्ट म्हणजे मीठ घातलेली तांदळाची पेज. पेजेतील स्टार्चच्या लांब साखळ्या संख्येने थोड्या असल्यामुळे पाणी फारसे ओढत नाहीत, आणि विकरे त्यांतून ग्लुकोज तोडून तोडून भिंतीशी पुरवत राहतात. तांदळावर आधारलेल्या ओआरएसने पटकीच्या रोग्यांचे जुलाब ग्लुकोजच्या ओआरएसपेक्षा कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे. आजारी माणसाला पेज देणाऱ्या आपल्या आज्यांना एसजीएलटी-1 माहीत नव्हता, पण त्याची गरज त्या भागवत होत्या. दुधाबद्दल मात्र थोडी सावधगिरी हवी : लॅक्टेज रसांकुरांच्या टोकाकडील पेशींत असते आणि काही प्रकारच्या जुलाबांत त्याच पेशी आधी झडतात, त्यामुळे मोठ्यांना आठवडाभर दूध सोसत नाही आणि ताक सोसते. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध मात्र बंद करायचे नाही.

ग्लुकोजच्या डब्यालाही त्याची जागा आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. मधुमेहाच्या काही रोग्यांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या दिल्या जातात. या गोळ्या सूक्ष्मांकुरांवरील सुक्रेज आणि माल्टेज यांना अडवून धरतात, जेवणातील साखळ्या सावकाश तुटतात आणि जेवणानंतर रक्तातील साखर एकदम चढत नाही. आमच्याकडे नेहमी येणारे एक काकाजी ही गोळी ग्लिमेपिराइड या साखर उतरवणाऱ्या दुसऱ्या गोळीच्या जोडीने घेत. एका दुपारी जेवण टळले, रक्तातील साखर फार उतरली, त्यांना घाम फुटला, हात कापू लागले, आणि काकूंनी तत्परतेने दोन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. बराच वेळ गेला तरी काकाजी सावरेनात, म्हणून शेजारचा मुलगा धावत दुकानात आला. मी गोळीचे नाव विचारले आणि ग्लुकोजचा डबा त्याच्या हाती दिला. तीन चमचे पाण्यातून पोटात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ते नीट बोलू लागले. साखर तोडणारे विकरच गोळीने धरून ठेवले होते, त्यामुळे सुक्रोज आतड्यात तसेच पडून होते. ग्लुकोजला मात्र तोडणीची गरज नसते आणि ते थेट वाहकाकडे जाते. ही गोळी लिहून दिलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी त्या दिवसापासून घरात ग्लुकोज ठेवायला सांगतो. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा असतो.

राहिला तो प्रश्न, जो नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की रोज येतो : "मला शुगर आहे, ओआरएस चालते का?" लिटरभर ओआरएसमध्ये 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते, एका पोळीतून मिळणाऱ्या ग्लुकोजच्या आसपास. जुलाबांनी शरीर कोरडे पडले की रक्तातील साखर त्यामुळेच वर जाते, तेव्हा पाणी भरून काढणे मधुमेह्यालाही तितकेच आवश्यक असते, आणि शोषणाला इन्शुलिन लागत नसल्यामुळे त्याच्या आतड्यातही हे द्रावण इतरांसारखेच काम करते. साखर मात्र अधूनमधून तपासत राहायची, आणि मेटफॉर्मिन किंवा डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या चालू असतील तर जुलाब थांबेपर्यंत त्या घ्यायच्या की थांबवायच्या, हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारायचे. तहान भागवायला किंवा उन्हातून आल्यावर सहज म्हणून ओआरएस पीत राहण्याची मात्र गरज नाही. त्यासाठी माठातले पाणी आणि मीठ घातलेले ताक पुरते, आणि तसे सांगितल्यावर पाकीट न घेता परत जाणारे गिऱ्हाईकही रोज दोन-चार तरी असतातच.